नसीमाचा मोहरमचा उपास

प्रिय आई,
शालोम. आम्ही बरे आहोत. रिव्का पोटभर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

शेजारी राहणाऱ्या, मूळच्या सुरीनामच्या नसीमाचा मोहरमचा उपास होता. तो सोडायला तिला आपला पोह्यांचा मलिदा दिला. हिंदीत म्हणाली, "मदिनेत तुमचे यहुदी मोशेची सुटका झाली म्हणून उपास करायचे. ते बघून आमच्या पैगंबरांनीही धरला." मला रडूच आलं गं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नसीमाबरोबर तिच्या नणदा होत्या. मी हसले, तर तिनं तोंड फिरवलं. रिव्का विचारते, "मावशी का नाही बोलली?" काय सांगू? नसीमाही नणदांना घाबरली असेल. पण माझा राग जात नाही.

आपण यहुदी आहोत हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल म्हणून भिऊन मी दाराच्या चौकटीवरची पवित्र वचनांची मेझुझा काढून पिठाच्या डब्यात ठेवलीय. बाबांना सांगू नकोस.

तुझीच,
एलिशेबा