उसनं पाणी

३ एप्रिल २०११
आलो एकदाचा. अल्ताईच्या डोंगरात मेंढरांमागे वीस वर्षं काढल्यावर चाळिशीत पक्क्या भिंतींचं घर आणि नळाला गरम पाणी म्हणजे चैनच. जस्ताच्या कारखान्यात मला कॅडमियमच्या भट्टीवर घेतलंय. काम घाणेरडं. तपकिरी धूळ नाकातोंडात जाते, सिगारेट गोड लागते. पण रोज अर्धा लिटर दूध फुकट, आणि दुधाने विष धुऊन निघतं म्हणे. शेजारचे ऊतेगेन आगा (थोरल्या पुरुषाला आम्ही आगाच म्हणतो) त्याच भट्टीवर एकवीस वर्षं आहेत. त्यांच्या बायकोने, कुलयाश आपांनी, आल्या आल्या घोड्याच्या मटणाचं ताट धाडलं. आगांनी माझा गाल ओढून विचारलं, डोंगरात सगळेच एवढे गुबगुबीत असतात की तू लांडग्याचा वाटाही खात होतास? माणसं लाखमोलाची मिळाली.

१४ ऑक्टोबर २०११
आज वार्षिक तपासणी. लघवीत भट्टीतला धातू जास्त निघाला की माणसाला भट्टीवरून काढून अंगण झाडायला लावतात. दूध बंद, लवकरची पेन्शनही बंद. म्हणून इथला रिवाज असा, की नवा गडी सगळ्यांसाठी भरतो. न्हाणीघराच्या बाकावर मेयोनेजच्या पाच रिकाम्या बरण्या मांडलेल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टीने नाव. मी लाजलो. आगा म्हणाले, “तुझं पाणी अजून डोंगरातलं आहे रे. भावांना दे थोडं उसनं.” सकाळपासून मला चहा का पाजत होते ते तेव्हा कळलं. भरल्या पाचही. हसून हसून पोट दुखलं. आज मी यांच्यातला झालो.

९ नोव्हेंबर २०१४
चौथं वर्ष, पुन्हा पाच बरण्या. आगा हल्ली मुतारीत फार वेळ उभे असतात. मागचे टोमणे मारतात की नळ गंजला. तेही हसतात. कारखान्याची डॉक्टर तरुण मुलगी आहे, तिच्यापुढे असलं काही बोलायची कोणाची छाती नाही. आज ते कंबर धरून बसले होते. दाखवून या म्हटलं तर म्हणाले, रिपोर्ट स्वच्छ आहे ना. रिपोर्ट माझा होता.

२ मार्च २०१५
आगांना प्रोस्टेटचा कॅन्सर. हाडांत उतरलाय. आपांबरोबर मी गेलो होतो. डॉक्टर म्हणाली, एका माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही, पण हा धातू वर्षानुवर्षं अंगात साचतो, त्या ग्रंथीतही, आणि या रोगाला खतपाणी घालतो असा संशय आहे. लघवीत दिसला असता तर त्यांना तेव्हाच धुरातून काढलं असतं, दरवर्षी नीट तपासलं असतं. आपांनी पिशवीतून चार कागद काढून टेबलावर मांडले.
“चारही वर्षं स्वच्छ आहेत, पोरी. मग हे आलं कुठून?”
मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

२० ऑगस्ट २०१५
आगांना माती दिली. काल माझा हात धरून म्हणाले, बरण्यांचं आपाला सांगू नकोस, लाज वाटते. मग मी कोणाला सांगू? फार रडलो.

११ मे २०१६
बरण्यांवरचं दुसरं नाव गेलं. तोच रोग. चिकटपट्टीवरची अक्षरं डोळ्यांसमोरून हलत नाहीत —

४ ऑक्टोबर २०१८
तिसरं नाव अंथरुणावर. आपा ते कागद अजून कुराणाशेजारी ठेवतात. मी गेलो की दाखवतात —

आज मुतारीत मी उभा. किती वेळ — मागून कुणीतरी म्हणालं, नळ गंजला. सगळे हसले. मीही.

१२ ऑक्टोबर
भीती वाटते. उद्या तपासणी. या वेळी उसनं नको, माझं स्वतःचं द्यायचं. डॉक्टरला सगळं सांगायचं, मग आपांनाही. ठरलं.

१३ ऑक्टोबर
नवा गडी आलाय, येर्नूर. गालांवर अजून लाली. बाकावर बरण्या — एकीवर माझं नाव. मी नव्हतं लावलं — त्याने हसत विचारलं, “आगा, तुमची काठोकाठ भरू का?”
नको म्हणायला तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी हसत म्हणालो, भर —