ईराचा नवा हात

रविवार, संध्याकाळ. बडोदे

डोकं अजून तापलेलंच आहे. इतकी वाट पाहून आणलेला आमच्या लाडक्या अवकाशमालिकेचा नवा भाग आज उघडला आणि दुसऱ्याच प्रकरणात मिटून टाकला. यान चालवणाऱ्या ईराला नवा हात उगवला! प्रयोगशाळेत, एका परिच्छेदात. आणि ती म्हणते काय, तर 'आता मी पूर्ण झाले.'

पूर्ण? मग इतके भाग एका हाताने यान चालवणारी ती कोण होती, अर्धी?

मकरपुऱ्याला कारखान्यात प्रेसखाली माझी बोटं गेली, तेव्हा दवाखान्यात ताईने मला पहिला भाग वाचून दाखवला होता. ईरा दातांनी पट्टा आवळते, ते ऐकून अपघातानंतर मी पहिल्यांदा हसले. तिच्याच जोरावर पुन्हा मशीनपुढे उभी राहिले. आणि आता 'पूर्ण झाले' म्हणे! लेखकाला हे लिहिताना काहीच कसं वाटलं नाही?

नवरा त्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला, "अगं, चोपडीच आहे ना ती, छोड ने!" पुस्तकच तर आहे, सोडून दे म्हणे!

सावली गावी राहणाऱ्या ताईला फोन लावला. ती म्हणाली, "मी परवाच वाचलं. तुला कसं सांगू, कळेना. माझी प्रत रद्दीत टाकली."

रद्दीत! मग दोघींनी मिळून लेखकाला मनसोक्त शिव्या घातल्या. नवरा दारात उभा राहून सगळं ऐकत होता. फोन ठेवल्यावर हळूच म्हणाला, "पहिला भाग दे ना, वाचतो."

देईन. पण आज नाही. आज त्याच्यावरही राग आहे.