चोरून आणलेला अनंत

भिंगार,
श्रावणातला शुक्रवार

तीर्थरूप दादास,

धाकट्या रविकांतचा साष्टांग नमस्कार. (गुडघा दुखतो, म्हणून सध्या कागदावरच घालतो आहे.) तुझी शुगर, वहिनींची कंबर आणि अकोले गावचा पाऊस, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. ‘तू’ लिहावं की ‘आपण’, यात सकाळपासून दोन कागद फुकट गेले. ‘आपण’ लिहिलं तर भांडण चालू आहे असं होतं, ‘तू’ लिहिलं तर मी माघार घेतली असं होतं. शेवटी ‘तू’ लिहितो. माघार मात्र घेतलेली नाही.

तीन वर्षं आपण एकमेकांशी बोलत नाही, आणि कारण काय, तर आईने तुझ्या परसात लावलेला अनंत मी फाल्गुनात छाटला. तुम्ही दोघं काशीला गेला होतात, मी घर राखायला आलो होतो, हाताशी कात्री होती आणि हाताला काम नव्हतं. त्या वर्षी एकही फूल आलं नाही, हे मान्य. पण छाटल्याने झाड जोम धरतं, हे मी आजही म्हणतो. तू परसात उभा राहून म्हणालास, आईचं झाड भादरलंस. मी म्हणालो, आई काय तुझ्या एकट्याची होती? झालं! त्या दिवसापासून ना फोन, ना दिवाळीचा फराळ. (बायकांनी हे भांडण कधी पाळलंच नाही. लीना आणि वहिनी तासतासभर फोनवर बोलतात आणि आपण दोघं आपापल्या घरी शेजारच्या खोलीत कान टवकारून बसतो. दोघींनाही ते माहीत आहे.)

तसा इकडे पांढऱ्या फुलांना तोटा नाही. लष्कराच्या रस्त्यांवर बुचाची झाडं आहेत, सकाळी फिरायला गेलं की फुलांचा सडा चुकवत चालावं लागतं. दारात तगर आहे. बिचारी बारा महिने फुलते, पण वासाच्या नावाने बोंब. कुंपणावर कुंद आहे. मोकळ्या प्लॉटवर रुई माजली आहे, ती शनिवारी मारुतीसाठी लोक ओरबाडून नेतात. पण देवघरात अनंताचं एक फूल ठेवलं की सगळं घर जसं शांत होतं, तसं यातल्या कशानेच होत नाही. पांढऱ्या फुलाजवळ दाखवायला रंग नसतो, म्हणून ते वासावर निभावून नेत असावं. अनंत तर दुसऱ्या दिवशी पिवळा पडतो, तरी वास सोडत नाही. आपल्या वयाच्या माणसांनी यावर विचार करायला हवा. (मी केला. काही हाती लागलं नाही.)

नर्सरीतून अनंत आणून पाहिले. आमची जमीन चुनखडीची, पाणी जड. पानं पिवळी पडून एकेक रोप गेलं. तेव्हा लीनाने निकाल दिला, की अनंत विकत घेऊन लागत नाही, मागून तर नाहीच नाही, तो चोरूनच आणावा लागतो. मी विज्ञानाचा पदवीधर! लष्कराच्या स्टोअरमध्ये जन्म गेला, पण साधा बोल्ट कधी घरी आणला नाही. मी बरंच समजावलं. मग लीना म्हणाली, परक्याच्या दारातून चोरलं तर चोरी, घरचंच चोरलं तर कसली चोरी? विज्ञानाच्या पदवीधराने एस.टी.चं वेळापत्रक काढलं.

तर दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, भंडारदऱ्याला पाणी बघायला जातो असं शेजारी सांगून आम्ही एस.टी.ने अकोल्याला आलो. तू जेवून वामकुक्षी करतोस ती वेळ साधली. मागच्या कुंपणातून मी आत शिरलो, लीना पहाऱ्याला. फांदीला हात घालतो तोच पलीकडून तुमच्या शेजारच्या छबूबाई ओरडल्या, “कोन हाय रं तिकडं?” मी म्हणालो, शेतकी खात्यातून आलोय, पाहणी चालू आहे. “कसलं खातं न्‌ कसलं काय! मास्तरांचं धाकलं भाऊ ना तुमी? नाक तर तेच हाय!” एवढं बोलून ती बाई थांबली असती तर बरं. तिने पुढे होऊन चांगली हातभर फांदी मोडली आणि माझ्या हातात ठेवली. लीनाने कपाळावर हात मारला. हातात दिलेली फांदी म्हणजे दान झालं, चोरी बाटली!

मग आम्ही छबूबाईंचे आभार मानले, स्टँडवर जाऊन चहा प्यायलो आणि पुन्हा चोरी करायला परत आलो. या खेपेला वहिनी मागच्या दारी भांडी पालथी घालत होत्या. नजरानजर झाली. त्यांनी पाठ फिरवली आणि तिथे नसलेल्या मांजराला मोठमोठ्याने दटावायला लागल्या. खिडकीतून तुझं घोरणं ऐकू येत होतं. कात्री हातात घेऊन मी तसाच ऐकत उभा राहिलो. किती दिवसांनी तुझा आवाज ऐकला, दादा! लीनाने दोनदा खोकून खूण केली तेव्हा भानावर आलो. फांदी कापली, पिशवीभर तांबडी मातीही घेतली, आणि पळताना डाव्या पायातली चप्पल चिखलात रुतून तुझ्याकडेच राहिली. ती धुऊन तुमच्या दारातल्या चपलांमध्ये ठेवली आहे आणि ती कोणाची हे तू एकदाही विचारलं नाहीस, असं वहिनी म्हणतात.

छबूबाईंनी दिलेली फांदी आठवडाभरात वाळली. चोरलेली तुझ्या मातीत लागली. (पहिली जून होती, दुसरी कोवळी, हे त्याचं शास्त्रीय कारण. लीना ऐकत नाही.) यंदा आषाढात पहिलं फूल आलं. लीनाने ते आईच्या फोटोपुढे ठेवलं आणि मला उगाचच भाजी आणायला बाहेर जावं लागलं.

हे सगळं दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जाऊ नये, एवढ्यासाठीच कळवलं. बाकी विशेष नाही. छाटणीबद्दलचं मत कायम आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
रविकांत

ता. क. वर लिहायला धीर झाला नाही. कुंपणापाशी पाणी तुंबून तुझा अनंत मुळापासून कुजला, हे वहिनींनी लीनाला सांगितलं. तू त्या दिवशी जेवला नाहीस हेही कळलं. फार वाईट वाटलं रे. तो काही तुझ्या एकट्याचा नव्हता.

आणखी एक. फांदी कापून तुला पाठवून देणं सोपं होतं. पण दिलेली लागत नाही, हे मी आता स्वानुभवाने सांगतो. (लीनाला हे वाक्य वाचून दाखवलेलं नाही.) तेव्हा येत्या रविवारी दुपारी आमचं फाटक नुसतं लोटलेलं असेल. कुंडी जिन्याजवळ आहे. कात्रीला धार लावून ती शेजारीच ठेवतो. पहाऱ्याला वहिनींना आण. शेजारपाजारच्यांना मी सांगून ठेवलं आहे, की शेतकी खात्याचा एक म्हातारा येईल, त्याला कोणी काही देऊ नका.

शेवटचं. मी त्या वेळी आतल्या खोलीत झोपलेला असेन. मी दुपारी कधीच झोपत नाही, हे तुला ठाऊक आहे. फांदी पिशवीत पडली की हाक मार. पहिल्या हाकेला उठेन.