सिहोऱ्याचा सेट

तुमसर, शुक्रवार

प्रिय रत्नमाला,

काल तुझ्या मनालीचा फोन आला. "काका, आईले जुनी टीव्ही चालू करून द्याची आहे. रविवारी मीच खोलून राहिली," म्हणाली. नको म्हटलं तर हसली. पोरगी आयटीआय शिकली, ऐकते कशाला! अठरा वर्षं बंद सेट, पिक्चर ट्यूबमध्ये साठलेला करंट आता उरला नसेल. भीती ती प्लग लावेल त्याची आहे.

आपला जिल्हा तुटून दोन झाले त्याच्या दुसऱ्या वर्षीचा पावसाळा आठव. धानाचा रोवणा चालू होता. ओल धरली की सेट मागून चर्रर्र करायचा. ठिणगी कुठून उडते ते अंधारातच दिसतं, म्हणून भर दुपारी सिहोऱ्याच्या तुमच्या घरी आपण दारं-खिडक्या लावल्या. फटीला तू चादर खोचलीस. सेटमागे दोघं गुडघ्यावर बसलो. ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या कॉइलला तडा होता. तिथून निळी ठिणगी लोखंडी पट्टीवर उडाली आणि तू माझं कोपर घट्ट धरलंस. तुझ्या लग्नानंतर सहा वर्षांत इतक्या जवळ मी पहिल्यांदाच आलो होतो. तुझे यजमान धनीरामभाऊ धानाच्या बांधीत होते.

नवी कॉइल माझ्या पिशवीतच होती, रत्ना. तरी नागपूरहून मागवावी लागेल असं मी सांगितलं. तड्यावर लांबीचा लेप दिला, हवा लागू दे म्हणून मागचं झाकण काढून ठेवलं. ती लांबी ओलीत टिकणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. दर पंधरा दिवसांनी तुमचं बोलावणं यायचं, आणि मी भांग पाडून सायकल काढायचो. लाज वाटते लिहायला. चारदा आलो. धनीरामभाऊ म्हणायचे, "हिरालाल, हे बिमारी कायले जाऊन नाही राहिली?"

पाचव्यांदा बोलावणं आलंच नाही. धनीरामभाऊ भिजून घरी आले, सेट चरचरत होता म्हणून मागे उघड्या बाजूनं हात घातला आणि तिथेच गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. तेरवी झाल्यावर तू मला सेट तपासायला सांगितलंस. लांबी निघून आली होती, पट्टीवर ठिणगीचा काळा डाग होता. तो मी स्पिरिटनं पुसला, झाकणाचे चारही स्क्रू आवळले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "वहिनी, टीव्हीत काही नाही." तू "बरं" म्हणालीस आणि मला चहा दिलास.

म्हणून हे पत्र. त्या सेटमध्ये तीच तडकलेली कॉइल आहे. मनालीला प्लग लावू देऊ नकोस. ऐकली नाही तर हेच पत्र तिच्या हातात दे. तिचा बाप हार्टनं गेला नाही. मी मारला.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क नसलेला,
हिरालाल