मंत्रमल्लाचे खरे आकडे

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय बत्तीस, अविवाहित, मापन-उपकरणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, हे माझे पहिले आणि बहुधा एकमेव मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. फुप्फुसे शाबूत नाहीत. त्यांचे कागद कलम दहामध्ये येतील. मजकूर कोणी सुचवलेला नाही. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, तिथे माझी आद्याक्षरे आहेत.

१. या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेत जे काही असेल ते आईचे. उरलेला अर्धा दादाचा आहेच. दोघांनी भिंत घालू नये, कारण मधली भिंत घातली तर स्वयंपाकघरात उजेड येणार नाही. मी मोजून पाहिले आहे.

२. माझी हत्यारे, म्हणजे बारीक पेचकसांचा संच, भिंग, मायक्रोमीटर आणि वजनांची लाकडी पेटी, खालच्या मजल्यावरच्या कुलूपवाल्याला द्यावीत. भिंग शोधत बसू नये. ते तीन वर्षांपासून त्याच्याकडेच आहे. "उद्या देतो ताई" हे भिंगाबद्दलचे त्याचे शेवटचे वाक्य मी त्या वेळी खरे मानले होते. वजनांना उघड्या बोटांनी हात लावू नये. घामाने वजन बदलते. त्याला हे दोनदा सांगावे लागेल.

३. प्राणवायूचे यंत्र भाड्याचे आहे. ज्या दिवशी बंद होईल त्याच दिवशी परत करावे. त्याचा आवाज घरात कोणाला आवडत नाही. मलाही आवडत नाही.

४. काकांना काही नाही. विसरले असे वाटू नये म्हणून नोंद करते. रुग्णालयात माझ्या नाकात नळी असताना त्यांनी विचारले, "अजून ते फासेच खेळतेस का गं?" मी मान हलवली. ते म्हणाले, "वय काय, खेळतेस काय." पुढच्या कलमांत जे येते ते त्यांना वाचून दाखवले तरी चालेल, पण आग्रह नाही.

५. आता मुख्य मालमत्ता. ती कपाटातल्या वरच्या खणात, तीन वह्यांत आहे आणि बाहेरच्या माणसाला ती काय आहे हे सांगावे लागेल.

आठ वर्षे दर रविवारी दुपारी आम्ही चौघे जेवणाच्या टेबलाभोवती एक खेळ खेळतो. दादा सूत्रधार असतो. काय घडते ते तो सांगतो आणि शत्रू चालवतो. शत्रूंचे फासे तो एका लाकडी पडद्यामागे टाकतो, ते समोर बसलेल्यांना दिसत नाहीत. बाकी तिघे एकेक पात्र चालवतात. घाव लागला की चुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. वहिनीचे पात्र तलवारबाज आहे, कुलूपवाल्याचे अर्थातच चोर. माझे पात्र ज्या वर्गातले आहे तो वर्ग नियमांच्या पुस्तकात नव्हता. तो मी तयार केला. मंत्रमल्ल: मुठीने लढणारा आणि मंत्र टाकणारा.

अशा वर्गात मोठी अडचण असते. जो दोन कामे करतो तो एक तर दोन माणसांइतका भारी होतो, नाहीतर दोन्हीकडे अर्धवट राहतो. माझी पहिली प्रत भारी होती. मी एका फेरीत ठोसा मारून मंत्रही टाकायचे आणि शत्रू संपायचा. कुलूपवाला खुर्ची मागे सारून म्हणाला, "तुमचं चालू दे, वहिनी आणि मी तोवर पत्ते कुटतो." त्याचे बरोबर होते. दुसऱ्या प्रतीत मी असा नियम केला: मंत्राला दोन श्वास खर्च होतील आणि ठोसा लागला तर एक श्वास परत मिळेल. म्हणजे मंत्र टाकायचा असेल तर शत्रूच्या हाताच्या अंतरात उभे राहावे लागणार. ताकद हवी तर मार खाण्याची तयारी हवी. हा नियम चांगला आहे. मी आयुष्यात केलेले सर्वात नेटके काम तेच.

'श्वास' हे नाव मला आजार कळण्याच्या दीड वर्ष आधी दिलेले आहे. त्यात कोणी अर्थ शोधू नये.

राहिला प्रश्न एका आकड्याचा. इतक्या जवळ उभा राहणारा मंत्रमल्ल किती मार सोसू शकतो? पात्र खेळता खेळता एकेक पायरी वर चढते; अशा दर पायरीला मी त्याला मार सोसायचे आठ प्राण दिले होते. आठ जास्त की कमी हे कागदावर कळत नाही, खेळूनच कळते. म्हणून मी प्रत्येक लढाईतला प्रत्येक घाव वहीत लिहिला. शत्रूने दहा किंवा त्याहून जास्त टाकले तर घाव लागतो. वीसपैकी अकरा.

६. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये माझा आजार कळला. त्यानंतर बारकी, सगळे माझ्या पात्राला याच नावाने ओळखतात, फार टिकू लागली. शत्रूंच्या गराड्यात उभी राहायची आणि पडायची नाही. मी ठरवले की वर्ग भारी झाला आहे. आठाचे सात प्राण केले. तरी पडेना. साताचे सहा केले. ठोशाने परत मिळणारा श्वास फेरीत एकदाच, असे बंधन घातले. ही तिसरी प्रत. ती कुलूपवाल्याने आपल्या ओळखीच्या टेबलांवर वाटली, तिथून ती पुढे गेली.

या सप्टेंबरमध्ये एका अनोळखी मुलीचे पत्र आले. तिने लिहिले होते: "आमच्याकडे मंत्रमल्ल घेणारी मी एकटीच. चार वेळा मेले. तिसऱ्या फेरीच्या पुढे जगत नाही. बाकीचे म्हणतात मला खेळता येत नाही. माझं काय चुकतंय ते सांगाल का?"

मी वह्या काढल्या. ऑगस्टनंतर बारकीवर शत्रूंचे तीनशे ऐंशी वार झाले होते. त्यांतले दोनशे नऊ लागायला हवे होते. लागले एकशे अठरा. वहिनीच्या आणि कुलूपवाल्याच्या पात्रांवरचे आकडे जिथे असायला हवे तिथेच होते. ऑगस्टच्या आधीचे माझेही.

दादा दातांच्या कवळ्या बनवतो. मी त्याच्या कामाच्या टेबलाशी गेले तेव्हा तो मेणात खालची ओळ बसवत होता.

"दादा, तू माझ्यावरचे घाव चुकवतोस का?"

"काय बोलतेस काहीतरी."

"तीनशे ऐंशीत एक्क्याण्णव कमी आहेत."

"असतं एकेकाचं नशीब."

"मला याच कामाचा पगार मिळतो. नशीब इतकं लांब जात नाही."

त्याने मेण कोरायची सुरी खाली ठेवली. दाढेकडे बघत म्हणाला, "तू समोर नळी लावून बसलेली असायचीस. 'लागला' असं तोंडातून निघायचं नाही."

वहिनी दारात उभी होती. "मी याला तेव्हाच म्हटलं होतं, तिला कळेल म्हणून."

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

"मी त्याच्या शेजारी बसते गं. पडद्याच्या आतल्या बाजूला."

कुलूपवाल्याला जिन्यात गाठून विचारले. "ताई, मी चोर आहे, पण पडद्यामागे डोकावत नाही," तो म्हणाला. मग दोन पायऱ्या उतरून थांबला. "वाटायचं मात्र. बारकी फारच चिवट झाली होती."

दादा मला वाचवत होता आणि मी वर्ग कापत होते. तो जितके वाचवी तितके मी कापी. असे चौदा महिने चालले. पुन्हा चाचणी करायची तर किमान दोनशे लढाया हव्यात. रविवारी दोन होतात, म्हणजे शंभर रविवार. डॉक्टरांनी मला दिलेला अंदाज त्याच्या चौथ्या हिश्श्याचाही नाही. माझ्या मागे राहील असे माझे एकच काम आहे आणि ते चुकीच्या आकड्यांवर उभे आहे. कोणा अनोळखी मुलीला तिच्या घरात त्यामुळे बोल ऐकावे लागत आहेत. हे मी त्या दिवशी दादाला याच शब्दांत सांगितले. त्यानंतर चार रविवार मी खोलीतून बाहेर आले नाही.

७. तिसऱ्या रविवारी दाराखालच्या फटीतून एक डायरी आत आली. दातांचे सामान पुरवणारे दुकान वर्षअखेरीला वाटते तसली, काळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर दादाच्या अक्षरात दोन रकाने. एकात शाईने, जे त्याने टेबलावर सांगितले ते. दुसऱ्यात पेन्सिलीने, फाशावर जे पडले ते. चौदा महिने, एकही वार न गाळता.

मी दार उघडले नाही. तो बाहेर बसलेला होता हे सावलीवरून कळत होते.

"हे कशाला लिहून ठेवलंस?"

"तुला आकडे लागतात ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

फटीतली सावली दाराकडे सरकली. "कधीतरी मागशील असं वाटलं होतं," तो म्हणाला. "आणि मागू नयेस असंही वाटायचं."

डायरी मी आठवडाभर तपासली. पेन्सिलीचे आकडे बरोबर आहेत. त्यांची सरासरी जिथे असावी तिथेच आहे. दर ओळीवर प्राण वजा करत गेले. खऱ्या फाशांनुसार बारकी मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, जळक्या गिरणीतल्या लढाईत, चौथ्या फेरीत मेली. तेव्हा तिला दर पायरीला आठच प्राण होते. ती चौथ्या फेरीपर्यंत उभी राहिली होती आणि एका वर्गाने तेवढेच उभे राहावे. म्हणजे आठ हा आकडा बहुधा बरोबर होता. मी तो विनाकारण कापला.

'बहुधा' हा शब्द मी कामाच्या अहवालात कधी वापरला नाही. इथे वापरावा लागतो, कारण पुढच्या लढायांचा काही उपयोग नाही. मेलेल्या पात्राच्या नोंदी चाचणीत धरत नाहीत.

८. म्हणून मंत्रमल्लाचा वर्ग, तिन्ही वह्या आणि काळी डायरी मी दादाला देते. वहिनी त्याच्यापेक्षा नियम चांगले जाणते, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. तरी त्यालाच, कारण खोटे सांगत असतानाही खरा आकडा लिहून ठेवणारा या टेबलावर तोच एक आहे. अट अशी: चौथी प्रत आठ प्राणांची असेल, श्वासावरचे बंधन काढलेले असेल आणि ती दोनशे लढाया खेळून तपासली जाईल. मंत्रमल्ल कोण चालवतो याला महत्त्व नाही. तो मेला तर मेला असे लिहावे. निकाल माझ्या अंदाजाविरुद्ध गेला तर माझा अंदाज खोडावा. माझी आठवण म्हणून एकही आकडा जपू नये.

तपासून झालेली चौथी प्रत सर्वांत आधी त्या मुलीला पाठवावी. पत्ता तिच्या पाकिटावर आहे. तिला मी उत्तर पाठवले आहे. त्यात एकच ओळ आहे: "तुमचं काही चुकलेलं नाही, माझं चुकलं."

९. सूत्रधाराने फासे ज्याच्या मागे टाकायचे तो लाकडी पडदा मी स्वतः कापून, घासून दादाला त्याच्या लग्नात दिला होता. दिलेली वस्तू परत घेता येत नाही, हे मी वाचून घेतले आहे. तेव्हा ही विनंती समजावी. त्याच्या फळ्या चांगल्या आहेत. दादाने त्यांचे कवळ्या वाळवायचे फडताळ करावे.

१०. आई. हे कलम तू वाचशील तेव्हा रागावशील. त्याला इलाज नाही.

फुप्फुसे किती टक्के चालतात याच्या दर तपासणीनंतर तू दारातच विचारायचीस, "किती आला?" जूनमध्ये मी बासष्ट सांगितले. तो अडतीस होता. सप्टेंबरमध्ये साठ सांगितले. तो एकतीस होता. तू चप्पल घालून उभी असायचीस आणि मला अडतीस म्हणवत नव्हते. दादावर मी चार रविवार रुसून बसले, तेव्हा हे माझ्या लक्षात आलेले नव्हते असे म्हणणार नाही. पहिल्याच दिवशी लक्षात आले होते.

निळी फाईल माझ्या गादीखाली आहे. तुला सांगितलेले आकडे शाईने आहेत. खरे त्यांच्या शेजारी, पेन्सिलीने. सगळे आहेत.

११. ऑक्टोबरच्या त्या रविवारनंतर, माझे पात्र मेल्यावर, मी या टेबलावर आणखी सत्तेचाळीस रविवार खेळले. वहिनीने दोनदा बारकीला खांद्यावर टाकून नदी ओलांडली. कुलूपवाल्याने तिच्यासाठी राजाची अंगठी चोरली आणि तिच्या मापाची नाही म्हणून परत नेऊन ठेवली. चाचणीच्या दृष्टीने हे सगळे रद्द आहे आणि मी ते लाल शाईने रद्द केलेही आहे. पाने मात्र फाडलेली नाहीत. ती कोणी फाडू नयेत.

१२. आज रविवार आहे. सह्या झाल्या की मी टेबलाशी जाणार आहे. माझी नवी मंत्रमल्ल तयार आहे, आठ प्राणांची, तिला अजून नाव नाही. पडदा दादाने सकाळीच भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. ती आज पडली तर दादाने "लागला" असे मोठ्याने म्हणावे आणि पुढच्या माणसाची पाळी सुरू करावी.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

सही (ओळीवर बसली नाही, सही माझीच आहे)

साक्षीदार पहिला: प्रयोगशाळेतील माझे वरिष्ठ. सही. त्यांचा शेरा: "कलम सहामधील आकडेमोड मी स्वतंत्रपणे पडताळली. बरोबर आहे."

साक्षीदार दुसरी: समोरच्या घरातील शिंपीणबाई. सही. त्यांचा शेरा: "खेळाचं मला काही कळलं नाही. पोरगी शुद्धीत आहे."

ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटे. खेळ तीनला आहे.