थाळीशिवाय आरती

१५ नोव्हें. १९९८, रविवार
गुरुपुरब होऊन चार दिवस निवांत जातील असं वाटलं होतं. कसचं काय. आज गुरुद्वाऱ्यात कमिटीची मीटिंग. एप्रिलात खालसा पंथाला तीनशे वर्षं होतायत, त्याच्या आत आपल्या शिरोलीच्या गुरुद्वाऱ्यात सगळं अमृतसरच्या मर्यादेप्रमाणे, म्हणजे तिथल्या नियमांप्रमाणे व्हायला हवं, असा विषय. पहिलंच कलम: संध्याकाळची थाळीची आरती बंद. शब्द, म्हणजे ग्रंथातलं पद, गायचा, दिवे ओवाळायचे नाहीत.
विषय मांडला सेक्रेटरीने. सेक्रेटरी म्हणजे माझा नवरा, हरजीत.
आणि ग्रंथ वाचणारे, आरती करणारे ग्रंथी म्हणजे माझे वडील. बाबूजी तिथेच ग्रंथाच्या पालखीशेजारी बसून ग्रंथावरच्या रुमाल्यांच्या घड्या घालत होते. सगळ्यांनी सगळीकडे पाहिलं, त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. हरजीतने तर नाहीच नाही.

१६ नोव्हें.
अबोला. भाजीत मीठ जास्त पडलं, तरी मुकाट्याने खाल्ली त्याने.

१९ नोव्हें.
शेवटी बोललो. म्हणजे भांडलो. हरजीत कमिटीत पंजाबी बोलतो, चिडला की कोल्हापुरी. "मी काय चुकीचं बोलतोय व्हय? सांग की! खुद्द गुरूंनी थाळी नाकारली, आभाळालाच थाळी म्हटलं, आन् आपण धरून बसलोय. शिरोलीतलं लोक इचारत्यात, सरदारजी, तुमचा देव कुठला? आपण आपलं धड सांगू शकत न्हाई!"
मी म्हटलं, नांदेडला हजूर साहिबला रोज थाळीचीच आरती होते. तिथले शीख काय खोटे?
"मी तसं म्हटलं न्हाई."
"मग कसं म्हटलंस?"
मग हळू आवाजात चाचांचं बोलला. त्याचे चाचा दिल्लीला होते. चौऱ्याऐंशी साल. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याबद्दल तो आपणहून क्वचितच बोलतो. "ज्या नावावर मारलं ना त्यांना, त्ये नाव तरी आपण नीट लावू या," म्हणाला.
मी उठून ताटं घासली. तो खरा आहे. बाबूजीही खरे आहेत. मी शाळेत पोरांना इतिहास शिकवते, तिथे बरं असतं, पुस्तकात एकच उत्तर असतं.

२ डिसें.
बाबूजींना विचारलं, तुम्ही का बोलत नाही?
"कायला बोलू बेटा? हरजीत शिकलेला आहे. वाचतो."
तुम्हीही वाचताच की जन्मभर.
"मी ग्रंथ वाचतो. तो ग्रंथाबद्दल वाचतो." आणि हसले. टोमणा होता का? बाबूजींचं कळत नाही.
इथे ट्रकवाल्यांनी पत्र्याचा हॉल बांधला तेव्हा पंजाबातून कोणी ग्रंथी यायला तयार नव्हता. नांदेडहून बाबूजी आले, एक ट्रंक आणि मला घेऊन. आई तेव्हा नुकतीच गेली होती. पहिल्या संध्याकाळी हॉलमध्ये माणसं होती तीन, त्यात एक मी. त्यांनी तबकात दिवे लावले. घरी आजोबा करायचे तशीच आरती केली. तेव्हा सगळ्यांना चालली. पंजाब्यांनासुद्धा. तेव्हा गरज होती.

१३ डिसें.
शेजारच्या आक्का दळण घेऊन जाताना थांबल्या. आक्का मूळच्या शिरोळच्या, लिंगायत. गळ्यात लिंग, पण रोज संध्याकाळी बाबूजींच्या आरतीला हजर. दिव्यांना तेल त्यांच्याकडचं.
"व्हय वो बाई, भाईजींची आरती बंद करणार म्हनत्यात?"
अजून ठरलं नाही, म्हटलं.
"आमच्यात बी त्येच चाललंय की! आमी हिंदू का येगळं, ह्यावर मालक आन् दीर ताटावर बसून भांडत्यात. वाढायची म्या, आन् आमटी गार त्यांची. म्हटलं, आदी जेवा, मग धर्म बघा."
खूप हसले. बऱ्याच दिवसांनी. मग आक्का जाता जाता म्हणाल्या, "न्हाई झाली आरती, तर आमी यायाचं का न्हाई?" गुरुद्वाऱ्याचं दार सगळ्यांना उघडं असतं, हे खरंच आहे. पण आक्का ज्यासाठी येतात ते नसेल, तर उघड्या दारातून आत येऊन करायचं काय?

१० जाने. १९९९, रविवार
सगळ्या संगतीची, म्हणजे गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या सगळ्यांची मीटिंग. हरजीत छान बोलला. तयारी करून गेला होता, कुठल्या काळात गुरुद्वारे ताब्यात असलेल्या कोणत्या महंतांनी काय घुसवलं वगैरे. ऐकताना अभिमान वाटला आणि त्याच वेळी तोंड दाबावंसं वाटलं त्याचं.
कमिटीच्या प्रधानजींनी बाबूजींना विचारलं, भाईजी, तुम्हाला काही म्हणायचंय? बाबूजी उभे राहिले. "दशमेश पिता, आपले दहावे गुरू, अखेरच्या दिवसांत नांदेडात राहिले. तिथं जे बघितलं ते मी इथं केलं. चुकलं असेल तर संगतने माफ करावं." हात जोडून बसले. एवढंच! मला इतका राग आला. माफी कसली मागता?
आमच्यात हात वर करून मतं मोजत नाहीत. जयकारा होतो, तोच होकार. प्रधानजींनी "बोले सो निहाल" पुकारलं. आणि जयकारा झाला की गप्प बसता येत नाही, ते रक्तातच नाही. सगळा हॉल "सत श्री अकाल" गरजला. मीही.
सगळ्यांत मोठा आवाज बाबूजींचा होता. स्वतःच्या विरुद्ध.
घरी येऊन हरजीत म्हणाला, "बघितलंस? बाबूजींनी बी मानलं." मी आत गेले. इतका हुशार माणूस, आणि इतका...

१८ जाने.
थाळीशिवाय पहिली आरती. बाबूजी उभे राहिले, गायला लागले. आवाज नेहमीचा. पण उजवा हात कमरेइतका वर आला आणि फिरायला लागला. रिकामा. त्यांना पत्ताच नाही. डोळे मिटलेले.
संपल्यावर आक्का आणि दोघीतिघी बायका नेहमीसारखे तळवे पुढे करून उभ्या. ज्योत घ्यायला. मग भानावर येऊन एकमेकींकडे बघून हात पदरात घेतले. आक्का पायऱ्या उतरताना डोळे पुसत होत्या. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

३ फेब्रु.
हात रोज फिरतो. कोणीतरी कमिटीत म्हणालं की भाईजी मुद्दाम करतायत, ठरावाची चेष्टा लावलीय. बाबूजी आणि चेष्टा! आयुष्यात ज्या माणसाने कुणाला "अरे" म्हटलं नाही.
निरोप सांगायचं काम कोणाकडे? सेक्रेटरीकडे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. हरजीत बाबूजींच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "बाबूजी, ते जरा हाताचं... लोकं बोलतात."
"कुठल्या हाताचं बेटा?"
त्यांना खरंच माहीत नव्हतं. हरजीतने खाली बघत सांगितलं. बाबूजींनी आपला हात उलटसुलट करून पाहिला. "असं होतं का? बरं. सांभाळतो."

४ फेब्रु.
शाल पांघरून आले. दोन्ही हात आत, घट्ट. गायला लागले, आणि तिसऱ्या ओळीला अडले. परत सुरुवात. परत तिथेच. बाबूजी. ज्यांचा तापात बडबडतानासुद्धा शब्द चुकलेला मी ऐकला नाही. हात थांबला आणि शब्द थांबला.
हॉलमध्ये कोणी कुजबुजलं नाही. कुजबुजले असते तर बरं. प्रधानजींच्या सुनेने पुढचं म्हणून आरती पुरी केली.
घरी येताना बाबूजी माझ्या खांद्याला धरून चालत होते. एवढ्यात म्हातारे झाले. आज फार रडू येतंय. लिहवत नाही.

२१ फेब्रु.
लुधियान्याकडून नवा भाई, म्हणजे नवा ग्रंथी, आला. तरुण, नम्र, आवाज सुरेल. बाबूजींच्या पाया पडला. त्याच्यावर रागावताही येत नाही, हीच पंचाईत. बाबूजींना आता "आराम करा" म्हणतात. पगार चालू ठेवलाय. कमिटी वाईट नाही. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

१७ एप्रिल
वैशाखी पार पडली. मोठा मांडव, वारणेपासूनची माणसं, पुण्याहून आलेल्या एका विद्वानांचं पंजाबीत भाषण. हरजीत आठवडाभर झोपला नव्हता. सगळं देखणं झालं, खोटं कशाला बोलू. केशरी फेट्यांची पोरं रांगेत उभी होती, तेव्हा मलाही भरून आलं. चाचा असते तर, म्हणाला तो.
शिरोलीच्या बायका आल्या नाहीत. आक्का आल्या, लंगरला भाकऱ्या भाजून दिल्या, पण हॉलमध्ये शिरल्या नाहीत.
बाबूजी सकाळपासून दिसेनात. शोधलं तर जोडे ठेवायच्या जागी. लोकांची पायताणं घेऊन पुसून ठेवत होते. हरजीत धावत आला. "बाबूजी, उठा. हे काय? आज तुम्ही स्टेजवर..."
"हीच तर मोठी सेवा, बेटा. कोणत्याच मर्यादेत बंद नाही." आणि हात पुढे केला. "आण तुझे."
हरजीतने बूट काढून मागे, पाठीशी धरले. मांडवातून त्याला हाका येत होत्या. बूट हातात घेऊनच तो अनवाणी तिकडे गेला. उन्हाने तापलेली फरशी होती.

१२ मे, नांदेड
सुट्टी लागली म्हणून बाबूजींना घेऊन आले. वाटलं होतं, इथे माणूस फुलेल. संध्याकाळी आरतीला गेलो. दिवे, नगारा, शंख, सगळं मी लहानपणी पाहिलं तसंच. बाबूजी गर्दीत मागे उभे. लोकांच्या डोक्यांवरून टाचा उंचावून बघत होते. शेजारच्याने आदराने विचारलं, सरदारजी, यात्रेला कुठून आलात?
"कोल्हापूर."
त्यांचं हेच गाव, मी सांगायला गेले तर त्यांनी हाताने अडवलं.
रात्री चुलतभावाने म्हटलं, राहा इथेच आता. बाबूजी म्हणाले, "इथं करणारे पुष्कळ आहेत. मी नुसतं बघणार. चल बेटा, उद्याच निघू."

९ जून, कोल्हापूर
आज हरजीतने आपणहून विषय काढला. जेवताना. "बाबूजी, घरी करा की आरती. वर गच्चीत. तबक मी आणतो, दिवे आणतो. आक्कांना बोलावू. घरात कोण इचारणार हाय?"
फार विचार करून शोधून काढलं असणार त्याने हे. मला त्याची माया वाटली.
बाबूजींनी घास खाली ठेवला. "घरी कुणाची करू, बेटा? गुरू तर तिकडे पालखीत आहेत."
पुढे कोणी जेवलं नाही.
संध्याकाळी गुरुद्वाऱ्याच्या कर्ण्यावरून नव्या भाईचा आवाज आला. बाबूजी व्हरांड्यात खुर्चीवर. ओठ हलत होते, एकही शब्द चुकत नव्हता. मी बाहेर चहा घेऊन गेले, तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले. घरात. आमच्याच घरात.
हरजीतनेही पाहिलं. दारातच थबकला. "रविवारी कमिटीत आरतीचा विषय परत घेतो," म्हणाला. मला म्हणाला की त्यांना, समजलं नाही. घेईल का, तेही माहीत नाही. चहा बाबूजींना मीच धरून पाजला.