मोजणीसाहेबांचा डावा स्पीकर

तीर्थरूप मामांस,

दमून भिंतीला टेकलेल्या भाच्याचा बसल्या जागेवरूनच नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींचा माझ्यावरचा राग उतरला का? (उतरला नसेल तर हे पत्र त्यांना दाखवू नका, आणि उतरला असेल तर मुळीच दाखवू नका.) मी बरा आहे. म्हणजे जेवतो, कामावर जातो, घरी येतो आणि पुन्हा कामावर जातो. कॉलेज अर्धवट सोडण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते सगळं खरं असेल, पण तो विषय आज नको. आज माझ्यात वाद घालायचंही त्राण नाही, यावरून काय ते ओळखा.

तुमच्या जुन्या कचेरीतले मोजणीसाहेब (निवृत्त झाले तरी खिशातली फीत सुटलेली नाही) तुमचं नाव सांगत आमच्या स्पीकरच्या दुकानात आले, तिथून माझे ग्रह फिरले. त्यांना दुकानातले सर्वांत मोठे स्पीकर हवे होते, माझ्या कमरेला लागतील एवढे. खोली केवढी आहे विचारलं, तर ती त्यांनी बोटाबोटापर्यंत सांगितली. मी म्हणालो, एवढ्याशा खोलीत हे ठेवलेत तर तुम्हाला जिन्यात बसून गाणी ऐकावी लागतील. झालं, आमची जुंपली. मालक काउंटरमागून मला डोळ्यांनी गप्प करत होते, पण माझं डोकं एकदा तापलं की मला मालक दिसत नाहीत. शेवटी साहेबांबरोबर आलेली त्यांची मुलगी मधे पडली. ती शाळेत गणित शिकवते. म्हणाली, "बाबा, विकणारा माणूस लहान वस्तू घ्या म्हणतोय. असं रोज घडत नाही, ऐका त्याचं." लहान स्पीकर घेतले गेले. मामा, त्या वाक्यानंतर मी कुठल्याच कामाचा उरलो नाही.

मग जोडणीला त्यांच्या घरी गेलो. नियम साधा आहे. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं, तिघांमध्ये सारखं अंतर, की गाणारा बरोबर मधोमध उभा वाटतो. स्पीकरची तोंडं किंचित आत वळलेली. आणि कोपऱ्यात ठेवायचे नाहीत, नाहीतर सगळ्या गाण्यांचा पिंपात बोलल्यासारखा घुमारा होतो. एका दुपारचं काम. पण ते एका दुपारी उरकलं तर पुन्हा त्या घरात कुठल्या तोंडाने जायचं? म्हणून निघताना डावा स्पीकर मी गुपचूप चार बोटं मागे सारला. लगेच साहेबांचा फोन आला की रेकॉर्डमधली गाणारी बाई उजवीकडे सरकली आहे. गेलो, डावा सरळ केला आणि उजवा मागे सारला. पुढच्या खेपेला बाई डावीकडे. (मधे काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, एका स्पीकरवर झाडाची कुंडी ठेवली. तो दोष माझा नव्हता, पण मी आनंदाने अंगावर घेतला.) साहेब फीत घेऊन जमिनीवर रांगायचे, मी दुसरं टोक धरायचो आणि ती टेबलाशी मुलांचे पेपर तपासत असायची. एवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

त्यात मला आरशाची अवदसा आठवली. आवाज भिंतीवर कुठे आपटतो ते शोधायची आमच्या धंद्यातली एक रीत आहे. एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. बसलेल्याला आरशात स्पीकर दिसला की तिथे खडूने खूण करायची आणि जाड कापड लावायचं. खुर्चीत साहेब बसले. मी आरसा सरकवत निघालो, तर एका जागी मला त्यात ती दिसली. मी खूण केली. पुढे सरकलो, तिथूनही दिसली. तिथेही खूण केली. थोड्या वेळाने साहेब शांतपणे म्हणाले, "मला अजून नुसता पंखा दिसतोय. तू खुणा कसल्या करतोयस?" धंद्याची अब्रू राखायला मी म्हणालो, ही नवी पद्धत आहे. मग प्रत्येक खुणेवर घरातल्या रजया टांगाव्या लागल्या. खोलीतला आवाजच मेला. गाणारी बाई उशीत तोंड खुपसून गायला लागली आणि स्वयंपाकघरातून काकूंनी मारलेली हाक साहेबांपर्यंत पोचेना. (काकू संतापल्या. साहेब तेवढ्या बाबतीत समाधानी होते.)

गेल्या आठवड्यात तिने पेपर बाजूला ठेवले आणि कुणालाही न विचारता उठली. रजया उतरवल्या, कुंडी खिडकीत नेली, स्पीकर कानाच्या उंचीवर आणले आणि सुतळी घेऊन तिन्ही बाजू सारख्या केल्या. मी नुसता पाहत होतो. गाणं लावलं, तर बाई बरोबर मधोमध उभी राहून गायली. ओळ उचलण्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. साहेबांनी डोळे मिटले. मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "हे तुला पहिल्या दिवसापासून येत होतं ना?" मी हो म्हणालो. "माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता," असं म्हणून तिने दार लावलं. तर मामा, आवाज आता उत्तम आहे. साहेबांना काही तक्रार उरलेली नाही, आणि त्यामुळे मला त्या घराची पायरी चढायला काही कारण उरलेलं नाही. मी दुकानात रिकाम्या खोक्यांवर बसून असतो. मालक म्हणतात, आजकाल भांडत नाहीस, डॉक्टरला दाखव.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, धाकट्यांना त्यांच्या नशिबाप्रमाणे.

तुमचा खचलेला,
भाचा

ता. क. — रविवारी जुन्या ओळखीने सहज म्हणून साहेबांकडे जाऊन या. ते गाणं ऐकवतीलच. ऐकून झालं की डावीकडचा आवाज जरा बारीक वाटतो, एवढंच म्हणा. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे. तुम्हाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे त्यांना ठाऊक नाही, त्यामुळे तुम्हाला खोटंही बोलावं लागणार नाही.

आणखी एक ता. क. — पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात साहेबांचा फोन आला की डावा स्पीकर पार बंद पडला. आत्ताच जाऊन आलो. मागची तार निघाली होती. ती तार धरणारा स्क्रू मी स्वतः आवळलेला होता मामा, तो आपोआप ढिला होत नाही. साहेब खुर्चीत काळजीत बसलेले. ती माझ्या शेजारी उभी, पाठीमागे लपवलेल्या हातात पेचकस. अगदी हळू म्हणाली, "घाई करू नकोस. मला शाळेला सुट्टी लागली आहे." मी तार अजून जोडलेली नाही. साहेबांना सांगितलंय की एक भाग बाहेरून मागवावा लागेल, दिवस लागतील. तेव्हा रविवारी तुम्ही कृपा करून तिकडे फिरकू नका.